लग्नपत्रिका, 'सौ. कां.' आणि एक अनुस्वार: छापखान्याचा अनुभव

मुलीच्या लग्नाच्या साडेतीनशे पत्रिका आम्ही पुण्याच्या मध्यवस्तीतील एका जुन्या छापखान्याकडून छापून घेतल्या. हा छापखाना कागदाच्या बाबतीत उत्तम आहे आणि मजकुराच्या बाबतीत पूर्णपणे एका माणसावर अवलंबून आहे. कागदाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. हातकागदाचा भास देणारा जाड कागद, एक घडी, आत दोन रंगांची ऑफसेट छपाई आणि लिफाफ्यावर सोनेरी फॉइल अशी आमची मागणी होती. छपाई स्वच्छ आली, रंग एकमेकांवर चढले नाहीत, घडीवर शाई तडकली नाही आणि दर आसपासच्या दोन दुकानांपेक्षा किंचित जास्त असला तरी मालाच्या मानाने योग्य होता. पण पत्रिका छापणारा मनुष्य कागदाइतकेच शब्दही विकत असतो, आणि गिऱ्हाईक बहुधा कागद चाचपून पाहते व शब्द न वाचताच 'ओके' म्हणते. आम्हीही तसेच केले असते.

या छापखान्यात मजकुराच्या नमुन्यांची एक जाडजूड फाइल आहे. त्यातला एक नमुना निवडायचा, नावे लिहून द्यायची आणि संगणकावर बसलेला मुलगा ती रिकाम्या जागी भरतो, अशी एकंदर पद्धत आहे. आम्ही निवडलेला नमुना 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' या सनातन शब्दांनी सुरू होणारा होता. (माझ्या आईवडिलांच्या पत्रिकेत याच वाक्यात पुढे 'यांचा शरीरसंबंध करण्याचे योजिले आहे' असे छापलेले आहे, आणि घरातील तरुण मंडळी ती पत्रिका दर दिवाळीत काढून हसतात.) पहिले प्रूफ दोन दिवसांत व्हॉट्सॲपवर आले. त्यात 'आशीर्वाद' या शब्दाचा रफार एक अक्षर आधी सरकून 'आर्शीवाद' झाला होता, जो महाराष्ट्रातल्या निम्म्या फ्लेक्सांवर तसाच सरकलेला आढळतो. तिथी आणि वार यांचा मेळ नव्हता. आणि मुलीच्या नावाआधी 'चि. सौ. का.' असे छापले होते.

यांपैकी रफार तेवढा मला दिसला. बाकीचे दोन्ही दोष मला दिसले नाहीत, हे कबूल केलेले बरे.

ते दिसले छापखान्यातील मुद्रितशोधक काकांना. दुकानाच्या मागच्या बाजूस, कागदाच्या रिमांच्या आडोशाला त्यांचे छोटे टेबल आहे. त्यावर लाल बॉलपेन, एक भिंग आणि चालू वर्षाचे पंचांग एवढाच सरंजाम. मी दुरुस्ती सांगायला गेलो तेव्हा प्रूफ त्यांच्यासमोरच होते आणि त्यांनी माझ्यादेखत 'का'वर एक ठसठशीत टिंब दिले. मी म्हटले की सगळीकडे असेच छापतात. त्यावर ते मान वर न करता म्हणाले, "का हा प्रश्न झाला, साहेब. कां म्हणजे कांक्षिणी."

'चि. सौ. कां.' म्हणजे चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी, सौभाग्याची इच्छा धरणारी. लग्न लागेपर्यंत मुलगी कांक्षिणी असते, अक्षता पडल्या की सौभाग्यवती होते आणि तिच्या नावामागचे 'कां.' गळून नुसते 'सौ.' राहते. एवढे मला ठाऊक होते. मात्र ज्याची कांक्षा धरायची ते सौभाग्य म्हणजे नेमके काय, याचा विचार वयाची साठी उलटेपर्यंत मी केला नव्हता, आणि तो करण्याची वेळ एका छापखान्यातल्या स्टुलावर बसून यावी, हा योगच म्हणायचा.

शब्दाच्या तळाशी 'भग' आहे. भग हा वैदिक देव, आदित्यांपैकी एक. त्याचे काम वाटप करण्याचे. भज् या धातूचा मूळ अर्थ वाटणे, वाटा देणे असा आहे आणि त्याच धातूपासून भाग, भाग्य, भक्त, भजन ही सारी मंडळी निघाली आहेत. 'भगवान' या शब्दाचाही मूळ अर्थ ज्याच्यापाशी भग आहे तो, म्हणजे भरपूर वाटा लाभलेला, असाच आहे. मराठीत आपण नशिबाविषयी बोलताना 'वाट्याला आले' म्हणतो, तेव्हा नकळत याच देवाच्या हिशेबाची भाषा बोलत असतो. दक्षाच्या यज्ञाच्या कथेत या भगाचे डोळे काढले गेले असे सांगतात, म्हणजे वाटप करणारा देव आंधळा ठरला. वाटपाचा ज्यांना अनुभव आहे त्यांना ही कथा पटायला अवघड जाऊ नये. ज्याचा वाटा चांगला तो 'सुभग', आणि सुभगपणा म्हणजे 'सौभाग्य'. हा शब्द घडताना 'सु'चा 'सौ' होतो आणि 'भग'चा 'भाग'ही होतो, म्हणजे दोन्ही पदांचे आद्य स्वर वाढतात. असे नेहमी घडत नाही, म्हणून पाणिनीने यासाठी स्वतंत्र सूत्र केले आहे. दोन्ही बाजूंनी वाढलेला हा शब्द मराठीत येऊन मात्र चांगलाच आक्रसला.

तो किती आक्रसला हे पाहायचे असेल तर पुरुषाच्या तोंडी आणि स्त्रीच्या नावाआधी तो कसा येतो, ते ताडून पाहावे. सत्काराच्या भाषणात एखादे गृहस्थ 'आपल्यासारख्यांच्या सहवासात राहायला मिळाले हे माझे सौभाग्य' असे म्हणतात, तेव्हा त्यांची पत्नी हयात आहे की नाही, हे कोणी मनातही आणत नाही. तेथे शब्दाला त्याचा पूर्ण अर्थ असतो: देवाने पदरात टाकलेला चांगला वाटा. तोच शब्द 'सौ.' होऊन बाईच्या नावाआधी बसला की त्याचा एकच अर्थ उरतो, तो म्हणजे नवरा जिवंत असणे. मंगळसूत्र, कुंकू, हिरवा चुडा, जोडवी ही 'सौभाग्यलेणी' होतात, मोठ्यांच्या पाया पडताच 'अखंड सौभाग्यवती भव' हा आशीर्वाद मिळतो आणि पतीच्या आधी मरण आले तर ते 'अहेव मरण' म्हणून वाखाणले जाते. अहेव हा शब्द 'अविधवा'पासून झिजत आलेला आहे, म्हणजे भाग्याची व्याख्या तेथे चक्क नकाराने केलेली आहे. नवरेमंडळी 'आमच्या सौ.ना विचारून सांगतो' म्हणतात तेव्हा तर हा शब्द निव्वळ बायको या अर्थाचे नाम होऊन बसतो. पंचांगाने तेवढा त्याचा मोकळेपणा जपला आहे. काकांच्या टेबलावरच्या त्या पंचांगात सत्तावीस योगांपैकी चौथा योग 'सौभाग्य' नावाचा आहे आणि त्याला कोणाच्या लग्नाशी काही कर्तव्य नाही.

आता घरची गोष्ट. दुरुस्त प्रूफ मुलीने पाहिले आणि अनुस्वारासकट 'सौ. कां.' काढून टाका, असे सांगितले. "बाबा, सौभाग्याची इच्छा मी एकटीनेच धरायची का? त्याने काहीच धरायचे नाही?" असा तिचा प्रश्न होता. काकांनी अगोदरच सांगून ठेवल्याप्रमाणे 'का' हा प्रश्न ठरला खरा! मी बसून दोन्ही नावांआधीची संक्षेपाक्षरे पुन्हा वाचली आणि तिच्या बोलण्यात तथ्य आहे, हे ध्यानात आले. वराच्या नावाआधी 'चि.' असते, म्हणजे त्याला दीर्घायुष्य चिंतिलेले असते. वधूच्या नावाआधीच्या 'सौ. कां.'चा प्रचलित अर्थ लावला तर तेथेही पुन्हा त्याचेच दीर्घायुष्य चिंतिलेले असते. एका माणसाच्या आयुष्यासाठी पत्रिकेत दोन ठिकाणी तरतूद, आणि मुलीच्या वाट्याला तिचे स्वतःचे असे एक 'चि.' तेवढे.

काकांना मी हे सांगितले तेव्हा ते रागावतील असे मला वाटले होते. ते रागावले नाहीत. त्यांनी ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या विवाहसूक्ताची आठवण काढली आणि एक ऋचा प्रूफच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहून दिली: 'सुमङ्गलीरियं वधूरिमां समेत पश्यत । सौभाग्यमस्यै दत्त्वायाथास्तं वि परेतन ॥' ही वधू सुमंगल आहे. एकत्र या, हिला पाहा, हिला सौभाग्य द्या आणि मग आपापल्या घरी परता, असा तिचा सरळ अर्थ. "ही खरी पत्रिका," काका म्हणाले. "या, पाहा, आशीर्वाद द्या, घरी जा. जेवणाचा उल्लेख तेवढा राहिला." या ऋचेत सौभाग्य ही जमलेल्या माणसांनी मुलीला द्यायची वस्तू आहे. ते नवऱ्याच्या आयुर्मानाचे दुसरे नाव नाही. याच सूक्तात पुढे वर वधूचा हात धरताना जे म्हणतो, आणि आजही पाणिग्रहणाच्या वेळी जे म्हटले जाते, त्यात 'सौभगत्वाय' म्हणजे सौभाग्यासाठी तुझा हात धरतो, माझ्यासह तू वार्धक्याला पोचावीस, असे आहे. म्हणजे म्हातारपण तिचेही मागितलेले आहे. भग, अर्यमा, सविता आणि पुरंधी या देवतांनी तुला मला दिले, असे तो सांगतो, त्यात वाटप करणाऱ्या देवाचे नाव सगळ्यांत पहिले आहे.

अखेर दोघांच्याही नावांआधी नुसते 'चि.' घालायचे आणि पत्रिकेच्या माथ्यावर ती ऋचा छापायची, असे ठरले. नमुन्याबाहेरचा मजकूर घेतल्याबद्दल छापखान्याने जादा आकार लावला नाही, ही गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. इतर दोन दुकानांनी नमुन्याला हात लावायचा तर 'डिझाइन चार्ज' पडेल, असे आधीच बजावले होते.

दुसरा प्रसंग वरपक्षाच्या मजकुराचा. मुलाकडची मंडळी मराठीच, पण होळकरांच्या काळापासून इंदुरात स्थायिक झालेली, आणि त्यांचे लिहिणे-वाचणे बहुतांशी हिंदीतून चालते. त्यांनी पाठवलेल्या कागदावर वराच्या आईचे नाव 'श्रीमती' लावून लिहिले होते. काकांनी नाव वाचले, चष्मा कपाळावर सारला आणि आवाज खाली आणून विचारले, "मुलाचे वडील आहेत ना?" हिंदीत विवाहित स्त्रीला सर्रास 'श्रीमती' म्हणतात. मराठी घरगुती वापरात मात्र 'सौ.' लावता येत नाही तेथे 'श्रीमती' लावण्याची रीत पडली आणि त्यामुळे या शब्दाला वैधव्याची छटा चिकटली. सरकारी कागदपत्रांत आणि शाळांत तो सरसकट सर्व स्त्रियांना लावतात हे खरे, पण पत्रिका वाचणारी आत्या सरकारी नजरेने वाचत नाही. शब्दाच्या मुळात यापैकी काहीही नाही. श्री म्हणजे लक्ष्मी, शोभा, संपदा आणि ती जिच्यापाशी आहे ती श्रीमती. तरीही ती पत्रिका तशीच छापली गेली असती तर आमच्याकडच्या वडीलधाऱ्यांपैकी चौघांनी तरी मला बाजूला घेऊन हळहळ व्यक्त केली असती आणि वराचे वडील तेथेच पाहुण्यांना पेढे देत उभे असते. आम्ही इंदूरला फोन केला. विहीणबाई हसल्या आणि म्हणाल्या की त्या शाळेत शिकवतात, हजेरीपटावर 'श्रीमती'च आहे, पण तुमच्याकडे घोटाळा होत असेल तर सरळ नाव छापा. तसेच छापले, आणि मग सारखेपणा राहावा म्हणून माझ्या पत्नीच्या नावामागचे 'सौ.'ही काढले.

तिसरा प्रसंग माझ्या आईचा आहे. नमुन्यात आजीच्या नावासाठी जी जागा होती तेथे संगणकावरच्या मुलाने वडिलांच्या नावाआधीचे 'कै.' पाहून आपोआप 'गं. भा.' टाकले होते. गंगा भागीरथी हे विधवेच्या नावाआधी लावण्याचे जुने उपपद. एप्रिल २०२३ मध्ये राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी 'विधवा' या शब्दाऐवजी ते वापरण्याचे सुचवले तेव्हा त्यावर बरीच टीका झाली होती. त्याच्या आदल्याच वर्षी, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने पतीच्या निधनानंतर स्त्रीचे कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर गावांपुढे त्याचे उदाहरण ठेवले. म्हणजे एका वर्षी सौभाग्यलेणी उतरवू नका, असे सांगणारा कागद निघाला आणि पुढच्या वर्षी नावाला नवी खूण लावण्याची सूचना आली. काकांनी 'गं. भा.'भोवती लाल गोल काढून शेजारी 'आजींना विचारावे' एवढेच लिहिले होते. मी आईला प्रूफ दाखवले. तिने ते हात लांब करून वाचले आणि म्हणाली, "माझ्या नावाआधी नदी कशाला? नुसतं नाव घाल." नातीचे 'सौ. कां.' काढले आहे हे मात्र तिला आवडले नाही. ते आवडले नाही हेही तिने तितक्याच स्पष्टपणे सांगितले आणि ऋचेचा अर्थ ऐकल्यावरही मत बदलले नाही.

इथपर्यंत सेवेला दहापैकी नऊ गुण देण्यास माझी हरकत नव्हती. मग लिफाफे आले.

पत्रिका निर्दोष होती. लिफाफ्यांवर सोनेरी, झगझगीत, बोट फिरवले तर जाणवेल अशा खोल अक्षरांत मुलीच्या नावाआधी 'चि. सौ. का.' असे उमटलेले होते. आम्ही काढून टाकलेला शब्द परत आला होता आणि येताना काकांनी दिलेला अनुस्वारही टाकून आला होता. चौकशी केल्यावर उलगडा झाला तो असा. आतील पत्रिका ऑफसेटवर जाते आणि तिची प्लेट शेवटच्या मान्य प्रुफावरून निघते. फॉइलसाठी मात्र धातूचा वेगळा ब्लॉक बनवावा लागतो, तो बाहेरून करून येतो आणि त्यास वेळ लागत असल्यामुळे पहिल्या प्रुफाच्याच दिवशी पहिल्याच फाइलवरून पाठवून दिला होता. काकांपुढे लिफाफ्याचे प्रूफ कधी गेलेच नव्हते, कारण लिफाफ्याला या दुकानात मजकूर समजतच नाहीत, सजावट समजतात. मालकांची पहिली प्रतिक्रिया 'सगळे असेच छापतात, कोणी वाचत नाही' अशी होती आणि या पत्रातील माझी खरी तक्रार तेवढ्या वाक्याबद्दल आहे. चूक सर्वांकडून होते, पण शब्द विकणाऱ्याने गिऱ्हाइकाला 'कोणी वाचत नाही' असे सांगू नये. अर्ध्या तासाने त्यांनी स्वतः फोन करून चूक मान्य केली, नवा ब्लॉक स्वखर्चाने केला आणि पाचव्या दिवशी साडेतीनशे नवे लिफाफे घरपोच दिले. त्यामुळे गावाकडच्या पत्रिका टपालाने न पाठवता मेहुण्याच्या गाडीतून पाठवाव्या लागल्या. चुकीचे लिफाफे त्यांनी परत नेले नाहीत. आई सध्या त्यांत वाणसामानाच्या याद्या ठेवते आणि त्यांवरचा मजकूर तिला पसंत आहे.

या छापखान्याकडे जाणाऱ्यांसाठी व्यवहाराच्या दोनचार गोष्टी सांगतो. फोनवर टंकलेला मजकूर ते आपल्या जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेतात आणि त्या बदलात रफार व अनुस्वार जागा सोडतात, तेव्हा ही दोन चिन्हे प्रत्येक ओळीत बोट ठेवून तपासावीत. लिफाफ्याचे प्रूफ वेगळे मागावे आणि त्यावरही सही करूनच ब्लॉक पाठवू द्यावा. व्हॉट्सॲपवर पाठवायची प्रतिमा पत्रिकेबरोबर विनामूल्य मिळते, पण तीही स्वतंत्रपणे पाहावी, आमच्या प्रतिमेत मुहूर्ताची वेळ जुनीच राहिली होती. निम्मी रक्कम आगाऊ द्यावी लागते. आणि मुद्रितशोधक काका मंगळवार ते शुक्रवार, दुपारी दोननंतरच बसतात. बाकीच्या वेळी गेलात तर फाइलमधला नमुना आहे तसाच छापला जाईल, म्हणून मजकूर द्यायला तीच वेळ साधावी.